चेर्नोबिलचं 'दुगा' रडार: विज्ञान प्रदर्शनासाठी मजकूर तपासून हवाय, मॉडेलसाठीही मदत हवी

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नाशिकरोडच्या एका शाळेतला नववीचा गट विज्ञान प्रदर्शनासाठी 'बंद पडलेलं लष्करी रडार केंद्र' हा विषय घेतोय. एका बाजूला देवळालीची लष्करी छावणी, दुसऱ्या बाजूला ओझरचा हवाई तळ, त्यामुळे रडार हा शब्द मुलांना नवा नाही. पण त्यांनी निवडलंय ते युक्रेनमधलं दुगा, चेर्नोबिलच्या जंगलात उभी असलेली ती अवाढव्य लोखंडी भिंत. नेटवरून जमवून त्यांनी पोस्टरसाठी लिहिलेला मजकूर असा:

"दुगा हे सोव्हिएत रडार चेर्नोबिलहून शक्तिशाली लहरी सोडत असे. त्याला लागणाऱ्या विजेसाठीच शेजारी अणुवीज केंद्र बांधलं गेलं. १९८६च्या अपघातात वीज गेली आणि रडार निकामी झालं."

यातलं निम्मं तरी खटकतंय, पण नेमकं कुठलं ते सांगता येत नाही. म्हणून विचारते:

१. वरचा मजकूर कितपत बरोबर आहे?
२. या रडारची रेडिओवर सेकंदाला दहा वेळा टकटक ऐकू यायची असं सगळीकडे वाचायला मिळतं. दहाच का?
३. १:५०० प्रमाणात मॉडेल करायचंय. मापं काय धरायची, साहित्य काय घ्यायचं?
४. तो आवाज अर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणाऱ्या लहान सर्किट बोर्डवर) काढून दाखवता येईल का? आणि तसलं काही आज रेडिओवर ऐकू येतं का?

बजेट दोन-अडीच हजारांच्या आत बसवायचंय.

---

लघुलहरी

ताई, पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मजकुराच्या पहिल्याच वाक्यात गडबड आहे.

चेर्नोबिलजवळ आज फोटोंत दिसते ती भिंत लहरी सोडत नव्हती. ती ग्रहण करणारी, म्हणजे रिसीव्हर अँटेना आहे. प्रक्षेपण करणारी अँटेना वेगळ्या ठिकाणी, ल्युबेच या गावाजवळ होती, इथून सुमारे ६० किलोमीटर ईशान्येला. नाशिकच्या अंतरात सांगायचं तर एक टोक पंचवटीत आणि दुसरं चांदवडला. ल्युबेचचं केंद्र पुढे मोडून टाकलं, त्यामुळे त्याचे फोटो कुणी पाहिलेले नसतात आणि सगळं श्रेय (आणि सगळ्या अफवा) उरलेल्या भिंतीच्या वाट्याला येतात.

दोन्ही वेगळी ठेवण्याचं कारण साधं आहे. हजारो किलोमीटरवरून परत येणारा प्रतिध्वनी अतिशय क्षीण असतो. त्याच आवारात प्रचंड शक्तीचा ट्रान्समीटर चालू असेल तर रिसीव्हर दबून जातो. अमेरिकेनेही हेच केलं होतं. त्यांच्या मेन राज्यातल्या एएन/एफपीएस-११८ रडारचा रिसीव्हर कोलंबिया फॉल्सला होता आणि ट्रान्समीटर दीडशेहून जास्त किलोमीटर दूर, ज्या गावी होता त्याचं नाव मॉस्को! मुलांना हे नक्की सांगा, लक्षात राहील.

आता विजेचं. रिसीव्हरला अणुभट्टी लागत नाही. तिथे वीज खातात ते अँप्लिफायर, संगणक, वातानुकूलन आणि शेजारची लष्करी वसाहत. शिवाय तारखा बघा. ही टकटक जगभरच्या रेडिओवर पहिल्यांदा ऐकू आली जुलै १९७६मध्ये. चेर्नोबिल अणुवीज केंद्राचं पहिलं युनिट (अणुभट्टी) ग्रिडला जोडलं गेलं सप्टेंबर १९७७मध्ये. म्हणजे अणुवीज केंद्राची एक युनिट वीजही ग्रिडमध्ये यायच्या आधी वर्षभर टकटक चालू होती. 'रडारसाठी अणुभट्टी' ही गोष्ट इथेच संपते.

पार्श्वभूमी थोडक्यात: संशोधन मॉस्कोच्या 'नीदार' संस्थेचं, मुख्य रचनाकार फ्रान्झ कुझमिन्स्की. आधी युक्रेनच्या दक्षिणेला मिकोलायव्हजवळ प्रायोगिक संच उभारला आणि सुमारे अडीच हजार किलोमीटरवरच्या बायकोनूरहून सुटणारी रॉकेटं त्याने टिपता येतात हे तपासलं. मग दोन मोठी केंद्रं झाली, एक चेर्नोबिल-ल्युबेच जोडी आणि दुसरं अतिपूर्वेला, आमूर नदीवरच्या कोम्सोमोल्स्कजवळ. दोघांचं काम एकच: अमेरिकेतून अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं उडाली तर उड्डाणाच्या पहिल्या काही मिनिटांत कळायला हवं. नाटोने याला 'स्टील यार्ड' असं सांकेतिक नाव दिलं होतं. वसाहतीचं नाव चेर्नोबिल-२. नकाशावर तिथे मुलांच्या सुट्टीचा कॅम्प दाखवलेला असे.

तिसरं वाक्य अर्धं खरं आहे. २६ एप्रिल १९८६च्या स्फोटानंतर वसाहत रिकामी करावी लागली, कारण ती अणुवीज केंद्रापासून दहा-एक किलोमीटरवरच होती. चेर्नोबिल-२च्या रडार केंद्राचं काम थांबलं ते किरणोत्सर्गामुळे, वीज गेली म्हणून नाही. आणि टकटक लगेच थांबली नाही. ती हवेतून पूर्ण नाहीशी झाली १९८९च्या अखेरीस.

---

वायुमंडल

लघुलहरी काकांच्या प्रतिसादाला जोडून एक. अपघात झाला नसता तरी हे रडार फार काळ टिकलं नसतं, आणि पोस्टरवर खरं तर हेच यायला हवं. चेर्नोबिल हे नाव आलं की सगळं अपघाताच्या खात्यावर टाकलं जातं.

आधी 'क्षितिजापलीकडचं रडार' म्हणजे काय ते. साध्या मायक्रोवेव्ह रडारच्या लहरी सरळ जातात आणि पृथ्वीचा गोलावा आडवा येतो. ढोबळ सूत्र: अंतर (किमी) = ४.१२ × (√अँटेनाची उंची + √लक्ष्याची उंची), उंची मीटरमध्ये. सपाट मैदानावर अँटेना २० मीटरवर आणि विमान १००० मीटरवर असेल तर ४.१२ × (४.४७ + ३१.६२) म्हणजे जेमतेम १४९ किलोमीटर. त्या पलीकडे ते विमान दिसतच नाही.

लघुलहरींचं, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झचं, तसं नाही. त्या आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून) वाकून परत जमिनीवर येतात. एका उडीत जास्तीत जास्त साधारण ४००० किलोमीटर. अमेरिकेतली क्षेपणास्त्रांची तळं चेर्नोबिलपासून ८००० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे किमान दोन उड्या. त्यात वाट जाते स्कँडिनेव्हिया-ग्रीनलंडवरून, नेमकी ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातून.

खरी अडचण इथे सुरू होते. त्या पट्ट्यात आयनोस्फिअर शांत नसतं. तिथले आयनभारित ढग सेकंदाला शेकडो मीटर वेगाने सरकत असतात आणि लहरी त्यांच्यावरूनही उलटतात. रडार हलणारी वस्तू ओळखतं ती वारंवारतेतल्या बदलावरून, म्हणजे डॉप्लरवरून. इथे तर खोटी लक्ष्यंही हलतायत. त्यामुळे एकेकट्या क्षेपणास्त्राचा ठसा त्या कल्लोळात ओळखणं हे या रडारला भरवशाने कधीच जमलं नाही. दरम्यान सोव्हिएत संघाची 'ओको' ही उपग्रह-प्रणाली १९८२पासून काम करू लागली. ती रॉकेटच्या ज्वाळेची उष्णता वरून थेट बघते, आयनोस्फिअरचा प्रश्नच येत नाही.

असं अपयश एकट्या सोव्हिएतांचं नव्हतं हेही मुलांना सांगा. इंग्लंडच्या किनाऱ्यावर ऑर्फर्ड नेस इथे अमेरिका-ब्रिटनने 'कोब्रा मिस्ट' नावाचं याच जातीचं रडार बांधलं होतं. पंख्यासारख्या पसरलेल्या १८ अँटेना-रांगा होत्या. प्रत्येक कंपनसंख्येवर एक अनाकलनीय गुरगुर यायची, तिचं मूळ शेवटपर्यंत सापडलं नाही आणि जून १९७३मध्ये ते बंद केलं. पुढे ती जागा बीबीसीच्या प्रसारणासाठी वापरली गेली. माझ्या मते पोस्टरवर ही दोन रडारं शेजारी ठेवली तर विषय एकदम उभा राहील.

---

लघुलहरी

+१. आता दुसरा प्रश्न, सेकंदाला दहा का. हा नववीच्या गणितात बसतो.

रडार एक स्पंद (लहरींचा छोटा झटका) सोडतं आणि प्रतिध्वनी यायची वाट बघतं. प्रतिध्वनी यायच्या आत पुढचा स्पंद सोडला तर आलेला आवाज कुठल्या स्पंदाचा हे कळत नाही. १० स्पंद म्हणजे दोन स्पंदांत ०.१ सेकंद. तेवढ्यात प्रकाश ३०,००० किलोमीटर जातो. जाणं-येणं धरून अर्धं, १५,००० किलोमीटर. ८००० किलोमीटरवरून यायला सुमारे ५३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे निवांत बसतं. कधी कधी १६ आणि २० स्पंदांचा वेगही ऐकू यायचा. १६ला मर्यादा ९३७५ किलोमीटर, २०ला ७५००. हे आकडे मुलांना स्वतः काढू द्या.

मग कायम दहाच ठेवलं तर झालं की, असं वाटेल. पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. डॉप्लरवरून वेग निर्विवाद मोजता येण्याची मर्यादा = तरंगलांबी × स्पंद प्रति सेकंद ÷ ४. १५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी २० मीटर, म्हणजे २० × १० ÷ ४ = ५० मीटर प्रति सेकंद. ताशी १८०. क्षेपणास्त्र जातं सेकंदाला कित्येक किलोमीटरने! त्याहून जास्त वेगाच्या सगळ्या वस्तू गुंडाळून त्याच अरुंद खिडकीत येऊन पडतात आणि वायुमंडल यांनी सांगितलेले ध्रुवीय ढगही त्याच खिडकीत. अंतर हवं तर वेग धूसर, वेग हवा तर अंतर धूसर. दुगाचं दुखणं एका ओळीत लिहायचं झालं तर हेच लिहीन.

स्पंदाची रचना हुशारीची होती. प्रत्येक स्पंद ३.१ मिलिसेकंदांचा, पण सलग नाही. त्यात १०० मायक्रोसेकंदांचे ३१ तुकडे, ठरावीक पण वरकरणी वेड्यावाकड्या क्रमाने. सलग ३.१ मिलिसेकंदांचा स्पंद असता तर ४६५ किलोमीटरच्या आतल्या दोन वस्तू वेगळ्या कळल्या नसत्या. तुकड्यांमुळे ही बारकाई १५ किलोमीटरवर येते आणि लांब स्पंदाची ऊर्जाही हातची जात नाही. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत दहा पथकांच्या गोंगाटातही आपल्या ढोलाचा ठेका कान बरोबर उचलतो, तसं रिसीव्हर तो ३१चा ठेका उचलतो. फायदा ३१ पट, म्हणजे सुमारे १५ डेसिबल.

वापर साधारण ७ ते १९ मेगाहर्ट्झमध्ये व्हायचा. त्यातच हौशी रेडिओवाल्यांचे पट्टे, परदेशी प्रसारणं, विमानांचा संपर्क. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे तक्रारी गेल्या. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या लोकांनी त्याला 'सुतार पक्षी' नाव दिलं होतं. जपानी रेडिओ-संचांत या लांब स्पंदांसाठी वेगळा नॉइज ब्लँकर (टकटक गाळणारी सोय) येऊ लागला आणि अमेरिकेत त्याच कामाचा 'मॉस्को मफलर' नावाचा डबाही विकला जायचा!

---

सोल्डरगन

मॉडेलचं मी सांगतो.

मापं. मोठी भिंत उंच १५० मीटर, लांब ५०० मीटर धरा. लहान भिंत १०० मीटर उंच, २५० मीटर लांब. लांबीबाबत वेगवेगळे आकडे दिसतील, कारण काही जण दोन्ही भिंती एकत्र मोजतात. १:५००ला मोठी १०० × ३० सेंटिमीटर, लहान ५० × २० सेंटिमीटर. दोन का, तर मोठी खालच्या कंपनसंख्यांसाठी, लहान वरच्या. मोठ्या भिंतीची लांबी झोताची, म्हणजे ती ज्या कोनातून ऐकते त्याची, रुंदी ठरवते: तरंगलांबी ÷ लांबी. २० मेगाहर्ट्झला १५ ÷ ५०० = ०.०३ रेडियन, म्हणजे १.७ अंश. ७ मेगाहर्ट्झला तीच भिंत जवळजवळ ५ अंशांचा झोत देते. 'एवढी मोठी कशाला' या परीक्षकांच्या हमखास प्रश्नाचं उत्तर तेच.

शेजारी 'क्रुग' नावाचं गोल अँटेना-वर्तुळही होतं, व्यास सुमारे ३०० मीटर. ते आयनोस्फिअर चाचपून कुठली कंपनसंख्या चालेल हे ठरवायला मदत करायचं. १:५००ला ६० सेंटिमीटर होतं, त्यामुळे बोर्ड ४ × ३ फुटांचा घ्या. १२ मिलिमीटरचा एमडीएफ पुरतो. ९ मिलिमीटरचा घेतलात तर मधे झोल पडतो आणि भिंत तिरकी दिसते.

सांगाड्याला जीआय तार घेऊ नका. जस्ताच्या थरावर साधं रोझिन फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून लावतात ती राळ) चालत नाही, आम्लाचं फ्लक्स लागतं, त्याच्या वाफा शाळेच्या वर्गात नकोत आणि नीट धुतलं नाही तर महिन्याभरात सांधे पांढरे पडतात. त्यापेक्षा कल्हई केलेली तांब्याची तार घ्या, उभ्या खांबांना १६ एसडब्ल्यूजी (१.६ मिमी) आणि आडव्या-तिरक्यांना २२ एसडब्ल्यूजी (०.७ मिमी). एम. जी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत वजनावर मिळते. खांबांची संख्या फोटो बघून मोजा, अंदाजाने लावू नका.

क्रम असा ठेवा. तार आधी सरळ करा: एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं पक्कडीत धरून एकदाच जोरात ओढायचं, ताणून कडक होते. आराखडा पूर्ण मापात कागदावर काढून प्लायवर चिकटवा, खांबांच्या दोन्ही बाजूंना बारीक खिळे ठोका, खांब त्यांत बसवा. आडव्या तारा वर ठेवून डागायला मधल्या खांबापासून सुरुवात करा आणि आळीपाळीने दोन्ही बाजूंना सरका. एका टोकाकडून डागत गेलात तर उष्णतेने तार लांबते, थंड होताना आखडते आणि मीटरभर लांबीची भिंत केळीसारखी वाकते. हे नव्वद टक्के मॉडेलांत होतं. ४० ते ६० वॉटचा सोल्डरिंग आयर्न लागेल, २५ वॉटचा १६ एसडब्ल्यूजीला पुरत नाही, सांधा कोरडा राहतो. शिसं असलेलं सोल्डर वापरणार असाल तर काम झाल्यावर मुलांचे हात साबणाने धुवून घ्या.

भिंतीवरचे ते पिंजऱ्यासारखे दंडगोल हेच खरे अँटेना, बाकी सगळा आधार. १:५००ला जेमतेम बोटाच्या पेरापेक्षाही आखूड होतात. त्यासाठी बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलींचे तुकडे, चंदेरी रंग मारून, इन्स्टंट गमने. आणि त्यांच्या मागे जाळी विसरू नका. खऱ्या भिंतीवर मागे तारांचा परावर्तक पडदा आहे, त्यामुळे अँटेना एकाच दिशेला ऐकते. खिडकीची ॲल्युमिनियमची मच्छरजाळी घ्या. दंडगोल जाळीच्या पुढे, अमेरिकेच्या बाजूला. बहुतेक मॉडेलांत उलटं लावलेलं असतं.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं तपशीलवार येईल असं वाटलं नव्हतं. पोस्टरचं पहिलं वाक्य बदललं: "चेर्नोबिलची ही भिंत रडारचा कान होती, त्याचं तोंड ६० किलोमीटरवर ल्युबेचला होतं." चालेल ना?

सोल्डरगन दादा, अर्डुइनोचं राहिलं. मुलांना अल्ट्रासॉनिक सेन्सरही (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) लावायचाय, एचसी-एसआर०४. त्याने 'प्रतिध्वनी गोंधळतो' हे दाखवता येईल का? एकच सेन्सर आहे.

---

सोल्डरगन

वाक्य चालेल. 'रडारचा' ऐवजी 'रडारची ग्रहण-अँटेना, म्हणजे कान' केलंत तर परीक्षक अडवणार नाहीत.

टकटक: अर्डुइनो उनो किंवा नॅनो, पीएएम८४०३चं अँप्लिफायर मॉड्यूल, ८ ओहमचा लहान स्पीकर. पिन आणि अँप्लिफायरच्या मधे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १० किलोओहमचा पॉट (आवाज कमी-जास्त करायला), नाहीतर पहिल्याच टकीला अख्खा हॉल दचकेल. ३१चा क्रम पाच पायऱ्यांच्या शिफ्ट रजिस्टरवरून (०-१ चे आकडे एकेक घर सरकवत नवा आकडा काढायची रीत) काढा (बहुपदी x⁵ + x² + १). मूळ क्रम हाच होता असं पोस्टरवर लिहू नका, 'त्याच प्रकारचा' लिहा.

प्रोग्रॅममध्ये दोन ठिकाणी हमखास चुकतं. एक, प्रत्येक तुकड्यानंतर १०० मायक्रोसेकंद थांबायची आज्ञा दिली तरी पिन वर-खाली करणारी आज्ञाच चार-पाच मायक्रोसेकंद खाते. तेव्हा थांबा ९५ ठेवा. दोन, ३१ तुकडे संपले की १०० मिलिसेकंद थांबायला सांगतात. मग एकूण चक्र १०३.१ मिलिसेकंदांचं होतं आणि टकटक दहाऐवजी ९.७ होते. कानाला कळत नाही, पण शेजारी ऑसिलोस्कोप असेल तर परीक्षकांना कळतं. मायक्रोसेकंदांचं घड्याळ वाचून मागच्या स्पंदाच्या सुरुवातीपासून १,००,००० मोजा. क्रम संपला की पिन खाली आणायला विसरू नका, नाहीतर स्पीकर दर वेळी वेगळा वाजतो.

एका एचसी-एसआर०४वर गोंधळ दाखवता येत नाही. प्रतिध्वनी येईपर्यंत त्याची इको पिन वर राहते आणि तेवढ्यात दिलेला नवा ट्रिगर (स्पंद सोडायची आज्ञा) तो घेतच नाही. दुसरा सेन्सर आणा, पहिल्याच्या शेजारी त्याच दिशेला तोंड करून ठेवा, पहिल्यानंतर ५ मिलिसेकंदांनी त्याला ट्रिगर द्या. समोरचा पुठ्ठा दोन मीटरवर असला तरी पहिला सेन्सर शेजाऱ्याचा आवाज आपला समजतो आणि सुमारे ८५ सेंटिमीटर दाखवतो. नंतर दोघांमधलं अंतर ६० मिलिसेकंद करा, दोन्ही शहाण्यासारखे दोन मीटर दाखवतील. स्पंदांमधला वेळ का महत्त्वाचा, हे याहून सोपं दाखवता येणार नाही.

पुठ्ठा किमान ५० × ५० सेंटिमीटर आणि सेन्सरला काटकोनात हवा, जरा तिरका झाला की प्रतिध्वनी बाजूला निघून जातो. मागे पडदा किंवा माणसं असतील तर आकडा उड्या मारतो. शिवाय आवाजाचा वेग तापमानावर बदलतो: २० अंशांना ३४३ मीटर प्रति सेकंद, ४०ला ३५५. डिसेंबरातल्या नाशिकच्या सकाळी १२ अंश असतील तर ३३८ घाला, नाहीतर दोन मीटरवर तीन सेंटिमीटरची चूक येते.

---

लघुलहरी

चौथ्या प्रश्नाचा उरलेला भाग, आज काय ऐकू येतं. दुगा गेलं, जात गेली नाही. रशियाचं 'कंटेनर', सायप्रसमधलं ब्रिटिश 'प्लूटो', ऑस्ट्रेलियाचं 'जॉर्न', चीनची रडारं, सगळी लघुलहरींवरच आहेत. पण आता बहुतेकांचा आवाज टकटक नसून भुणभुण किंवा घरघर असतो, कारण ती स्पंद सोडण्याऐवजी कंपनसंख्या सतत सरकवतात, सेकंदाला २५ किंवा ५० वेळा.

विकत काही घ्यायची गरज नाही. किवीएसडीआर नावाचे रिसीव्हर जगभर लोकांनी इंटरनेटवर खुले ठेवलेत, ० ते ३० मेगाहर्ट्झ. युरोपातला एखादा निवडा, एएम मोड, पट्टा जेवढा रुंद करता येईल तेवढा, आणि संध्याकाळी १० ते १८ मेगाहर्ट्झमध्ये धबधबा-चित्र (कुठल्या कंपनसंख्येवर कधी सिग्नल आहे ते दाखवणारं, खाली सरकणारं चित्र) बघत सरका. १० ते २० किलोहर्ट्झ रुंदीची, दोन्ही कडा सुरीने कापल्यासारखी पट्टी दिसली की थांबा. आवाज ऑडॅसिटी या ध्वनी-सॉफ्टवेअरमध्ये घेऊन एका सेकंदातली पुनरावृत्ती मोजा.

इथे भारतात रिसीव्हर लावलात तर मात्र फसायला होतं. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ५० वेळा सरकणारं रडार कानाला अगदी विजेच्या गुणगुणीसारखं लागतं. फरक कडांवर कळतो. एलईडी ड्रायव्हर, इन्व्हर्टर, सोलर इन्व्हर्टर यांचा कचरा शेकडो किलोहर्ट्झ पसरतो आणि बहुधा १०० हर्ट्झवर असतो. रडारची पट्टी मर्यादित असते. विजेची वारंवारताही थोडी सरकत राहते, ४९.९ कधी ५०.०५, रडार घड्याळाला बांधलेलं असतं, जराही हलत नाही. आणि दिंडोरी-निफाड बाजूला एक वेगळंच सापडतं. सेकंदाला एकदा टक्क, टक्क असं आलं तर ते सायबेरियातून नाही, शेजारच्या द्राक्षबागेच्या कुंपणावरच्या झटका मशीनमधून येतंय.

उत्साही मुलं असतील तर किवीएसडीआरवरच वेळेच्या फरकावरून उगम शोधायची सोय आहे. ज्यांना जीपीएस जोडलेलं आहे असेच चार-पाच रिसीव्हर घ्या, तेही संशयित जागेच्या चारही बाजूंचे. सगळे एकाच दिशेचे घेतले तर उत्तर रेघेसारखं लांबट येतं. नकाशावरचा ठिपका अचूक मानू नका. लहर आयनोस्फिअरपर्यंत जाऊन येते, त्यामुळे २००० किलोमीटरच्या अंतराला प्रत्यक्ष वाट ८०-९० किलोमीटर जास्त पडते. 'अमुक प्रदेशात' एवढंच म्हणा.

आणि एक सक्त सूचना. तो अर्डुइनोचा क्रम फक्त स्पीकरवर. त्याच्या पिनला तार लावून 'रेडिओवर येतंय का बघू' करू नका. परवान्याशिवाय प्रक्षेपण हा गुन्हा आहे आणि हॅम परवाना असला तरी असला सिग्नल सोडायला परवानगी नसते.

---

देवळाली_कॅम्प

एक शंका. भिंत अजून उभी का आहे मग? अतिपूर्वेचं तर पाडलं ना?

---

वायुमंडल

हो, कोम्सोमोल्स्कजवळचं नव्वदच्या दशकात मोडून भंगारात गेलं. चेर्नोबिलची भिंत निषिद्ध क्षेत्रात अडकली. आतली उपकरणं काढून नेली, जमिनीजवळचं बरंचसं धातूसामान भंगारवाल्यांनी लांबवलं, पण दीडशे मीटर उंचीचं पोलाद किरणोत्सर्गी जमिनीवर उतरवायचं, तपासायचं, वाहून न्यायचं हा खर्च कुणी केला नाही. पुढे निषिद्ध क्षेत्राच्या सहली सुरू झाल्या, तेव्हा तीच भिंत मुख्य आकर्षण ठरली. २०२१मध्ये युक्रेनने तिला सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण दिलं. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियन फौजा त्या क्षेत्रात घुसल्या, मार्चअखेर गेल्या. तेव्हापासून पर्यटकांसाठी ते बंद आहे.

गोदाकाठ ताई, पोस्टरवर ही शेवटची ओळ टाकताना 'चेर्नोबिल' आणि 'चेर्नोबिल-२' वेगळं लिहा. आणि फोटो वापरायचेच असतील तर मुक्त परवान्याचे घ्या, खाली छायाचित्रकाराचं नाव द्या. गेल्या काही प्रदर्शनांत यावरून गुण कापलेत.

---

गोदाकाठ

नोंद केली. दुसरा एचसी-एसआर०४ आणि १६ एसडब्ल्यूजीची तार उद्याच्या यादीत. जाळीची बाजू उलटी लावली होती, ती आजच फिरवून घेतो म्हणतायत मुलं.